गरीवर आलेला आळ

मैना मारबतेच्या रागाची सिंदेवाहीच्या बसस्टँडवर चांगलीच ख्याती होती. टपरीवाल्यानं शिळ्या दुधाचा चहा दिला तर ती कप तसाच त्याच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, "तूच पी. मी पाहून राह्यली." आणि तो बापडा खाली मान घालून प्यायचा. पण २००७ च्या उन्हाळ्यात तिला जो राग आला, त्याच्यापुढं हे सगळं म्हणजे पोरखेळ. तो राग रास्त होता. ज्याला रास्त वाटत नसेल त्यानं मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात दुपारी बारा ते चार उघड्या आवारात उभं राहून दाखवावं, मग तोंड उघडावं.

मैना बेलतळीची. बेलतळी म्हणजे सिंदेवाहीपासून अकरा किलोमीटरवर एक मोठा तलाव आणि त्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकलेली चौसष्ट ढिवरांची घरं. बाप दसरू मारबते, मासोळी धरणारा. त्याला सही येत नव्हती, पण पोरगी शिकली पाहिजे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बारावी झाल्यावर त्यानं तिला सिंदेवाहीच्या टायपिंग क्लासला घातलं. मैनानं मराठीची तीसच्या स्पीडची परीक्षा काढली, मग चाळीसची काढली, मग त्याच क्लासात पोरं शिकवायला लागली. सात वर्षं तिची दहा बोटं त्या लोखंडी मशिनीवर नाचली. सरकारी टायपिस्टची भरती काही निघाली नाही. निघाला तो कॉम्प्युटर. आणि क्लासवाल्यानं सगळी मशिनं भंगारवाल्याला किलोच्या भावानं देऊन टाकली.

आता घ्या! बोटांत सात वर्षांची मराठी मुरलेली, आणि समोर कीबोर्डावर इंग्रजी कळा. दुसरी एखादी रडत बसली असती. मैना चिडली. ब्रह्मपुरीला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची नोकरी धरली, तिथं प्रोग्राम लिहायला शिकली, आणि २००४ साली बसस्टँडसमोर एका सेकंडहँड कॉम्प्युटरवर स्वतःचं दुकान टाकलं. अकरा महिने खपून तिनं एक प्रोग्राम लिहिला. टायपिंग मशिनीवर जिथं 'क' होता तिथंच कॉम्प्युटरवर 'क' उमटवणारा. कळ दाबली की ती वाटेतच पकडायची आणि तिच्या जागी मराठी अक्षर सोडायचं, एवढं त्याचं काम.

बापानं विचारलं, "करते काय थे?"

"कळ दाबली का मदातच पकडते, बाबा."

"म्हंजे गरी हाय म्हण ना," दसरू म्हणाला. मासोळीच्या गळाला त्यांच्याकडं गरी म्हणतात. तेच नाव पडलं.

गरीची खरी करामत अशी की ती कुठं बसवावी लागत नसे. ऑफिसांतल्या, शाळांतल्या कॉम्प्युटरांना कुलपं असायची, नवीन काही टाकायचं तर साहेबाचा पासवर्ड पाहिजे. गरीला काही नको. ती पेनड्राइव्हमध्येच राहायची. पेनड्राइव्ह लावा, दोनदा क्लिक करा, मराठी सुरू. मराठी अक्षरंही ती आपल्यासोबतच घेऊन यायची. पेनड्राइव्ह काढला की मागं काही उरायचं नाही. मैना तो पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची आणि नागभीडपासून कुरखेड्यापर्यंत कुणाकुणाची मराठी टाइप करून द्यायची. आपल्या क्लासातल्या पोरांना तिनं गरी फुकट वाटली. त्यात एक प्रणित होता. हुशार, बोलायला गोड. त्याला पुढं जिल्ह्याच्या गावी एका ऑफिसात ऑपरेटरची कंत्राटी नोकरी लागली, आणि त्या ऑफिसाचं सगळं मराठी टपाल दोन वर्षं गरीवरच निघत होतं. हे लक्षात ठेवा.

तर बेलतळीच्या तलावाचा पाच वर्षांचा ठेका संपत आला. ठेका मच्छीमार संस्थेच्या नावावर, आणि संस्था म्हणजे तीच चौसष्ट घरं. प्रणितच्याच ऑफिसातून कागद आला की नव्या ठेक्याचा अर्ज ३१ मेच्या पाच वाजेपर्यंत द्या, सोबत सभासदांची यादी कॉम्प्युटरवर, मराठीत. तारीख हुकली की तलाव लिलावात. लिलावात बाहेरचा ठेकेदार येणार, आणि आज्यापणज्यापासून ज्या पाण्यात उभे राहिले त्या पाण्यात लोकांनी रोजीनं दुसऱ्याचं जाळं ओढायचं. कागद हातात पडला तेव्हा आठच दिवस उरले होते.

संस्थेची अध्यक्ष सुगंधाबाई. वय पासष्टीच्या पुढं, अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं. ती म्हणाली, "नेहमीसारकं गुरुजीकडून हातानं लिवून घेऊ."

मैना उठून उभी राहिली. "हातानं लिवलेलं थे वापस पाठवतीन, बाई. माझ्यावर सोडा. मी करून देतो."

आणि लोकांनी तिच्यावर सोडलं. दसरूची छाती तेव्हा केवढी फुगली होती.

बेलतळीत रीत अशी की तलावाची गोष्ट असली की घरटी एक माणूस जातो. लग्नाला एखादा नाही आला तर चालतं, तलावाच्या कामाला नाही. म्हणून ३१ तारखेला गावातल्या झिंगूचा मेटॅडोर काढला आणि मैनासोबत त्रेसष्ट माणसं उभ्यानं जिल्ह्याच्या गावी निघाली. चौसष्टावा श्रावण, तो काविळीनं घरी पडलेला आणि बायको त्याच्या उशाशी. दुकानात अकरा-अकरा तास लाइट जायची, त्यामुळं मैनाला यादीचा प्रिंट काढता आला नव्हता. पण त्याची तिला फिकीर नव्हती. यादी गळ्यात होती, गरी गळ्यात होती, आणि ऑफिसात प्रणित होता.

प्रणितनं हसून खुर्ची दिली. "या ताई. चाय सांगू?"

"पहिले प्रिंट काढ," म्हणत मैनानं दोरा गळ्यातून काढला.

पेनड्राइव्ह लावला मात्र, आणि कॉम्प्युटर किंचाळला. खरंच किंचाळला, डुकराच्या पिलासारखा. पडद्यावर लाल चौकोन आला. ऑफिसात सोमवारीच नवीन अँटीव्हायरस बसवला होता आणि तो इंग्रजीत बोंबलत होता की धोका, कळा चोरणारा प्रोग्राम सापडला. मैना ते वाचेपर्यंत खाली दुसरी ओळ उमटली, नष्ट केला. गरी गेली. अकरा महिन्यांचं काम, डोळ्याची पापणी लवेस्तोवर.

मैनाला आधी हसूच आलं. "अरे, थे गरी हाय. ह्या येड्याले का मालूम!"

प्रणित हसला नाही. आवाज ऐकून आतले साहेब बाहेर आले होते.

"काय झालं? कोणी लावलं हे?"

मैनानं त्यांना नीट समजावून सांगितलं, हे लिहून ठेवतो, कारण पुढं तिनं आल्या आल्या आरडाओरडा केला असं पसरवलं गेलं. तिनं सांगितलं की गरी कळ पकडते ती मराठी लिहायला. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही कळच पकडतात, म्हणून अँटीव्हायरसला दोघं सारखे दिसतात. तो नुसती चाल पाहून चोर म्हणतो, काही चोरलं का ते पाहत नाही.

"म्हणजे कळा पकडतो, हे तुम्हीच कबूल करता," साहेब म्हणाले.

"सुरीनं कांदाबी कापते, साहेब! घरोघरच्या सुऱ्या जप्त करता का मंग?"

"मॅडम, हा सरकारी कॉम्प्युटर आहे. कॉम्प्युटर काय खोटं बोलतो का?"

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही म्हणे! जंगलाच्या नाक्यावरचा गार्डही ढिवराची टोपली पाहिली की असाच थांबवतो, काहीतरी असणारच म्हणून. मैनानं लहानपणी बापाच्या टोपलीतल्या मासोळ्या नाक्यावर रस्त्यात ओतलेल्या पाहिल्या होत्या. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण अजून एक साक्षीदार बाकी होता. ती प्रणितकडं वळली.

"सांग ना साहेबाले. दोन वर्स झाले, तू याच्यावरच टाइप करून राह्यला ना?"

प्रणित कळांकडं पाहत होता. जणू त्या त्यानं आजच पाहिल्या.

"मला काही माहिती नाही, सर," तो म्हणाला. "पेनड्राइव्ह त्यांचा आहे."

बसस्टँडवर 'मले-तुले' करणारा पोरगा साहेबापुढं 'मला' म्हणाला आणि दोन वर्षं एका घोटात गिळून मोकळा झाला.

"फॉरमॅट कर तो," साहेब म्हणाले.

"साहेब, यादी हाय त्याच्यात! तलावाची यादी हाय! आज शेवटची तारीक..."

"फॉरमॅट कर."

आणि प्रणितनं केला. तिच्याच हाताखाली शिकलेल्या बोटांनी. एक मिनिटही लागलं नाही. मैनानं टेबलावर असा हात आपटला की पेनांचा डबा खाली पडला. "नोकरी तुह्या हातात नाई, मान्य. तोंड तं तुहं होतं ना रे!" ती ओरडली. शिपायानं रिकामा पेनड्राइव्ह तिच्या हातात कोंबला आणि तिला दाराबाहेर काढलं.

बाहेर तर आणखीच कहर. व्हरांड्यात बसलेली माणसं चौकीदारानं हुसकून लावली होती. व्हायरस घेऊन मोर्चा आलाय, असं आतून सांगणं आलेलं. आवारात सावलीची जागा एकच, पत्र्याची शेड. तिच्यात साहेबांच्या दोन जीपगाड्या उभ्या. "तिथी गाड्या हायेत, तिथी बसाचं नाई," चौकीदार म्हणाला. म्हणजे गाड्या सावलीत आणि माणसं उन्हात. साडेबारा वाजले होते. जमीन तव्यासारखी तापलेली.

मैना लोकांपुढं आली. 'माझ्यावर सोडा' म्हणणारी हीच. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर यादीची आणि गरीची नक्कल होती, पण सिंदेवाहीला जाऊन यायला चार तास, आणि तिकडं पाचपर्यंत लाइट नाही. मुखरू नावाचा एक जण फटकन बोलला, "तरी बाई म्हनत होती, गुरुजीकडून लिवा म्हून." शरमेनं मैनाचा चेहरा लाल झाला, आणि शरमेपेक्षा जास्त रागानं.

सुगंधाबाईनं मुखरूकडं लक्षच दिलं नाही. "वाजले किती?"

"साडेबारा."

"मंग बसून काऊन राह्यलो? जाळं लावा."

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. बेलतळीच्या तलावात वर्षातून दोनदा मोठं जाळं ओढतात, आणि त्या जाळ्यावर प्रत्येक घराची जागा ठरलेली आहे. डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण, हे लहान लेकरालाही पाठ. पहिला दोर सुगंधाबाईच्या घरचा. म्हातारी उठली, आवाराच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि हात बाजूला धरला. तिच्या शेजारी दुसरं घर येऊन उभं राहिलं, मग तिसरं. पाच मिनिटांत त्या रखरखीत आवारात पाणी नसलेलं, दोर नसलेलं जाळं लागलं. मधेच एका जागी खंड पडला.

"माह्या उजव्या हाताले श्रावण रायते," मुखरू म्हणाला. "त्याची जागा सोडा." आणि ती जागा सोडली. घाईत हातानं लिहिताना श्रावणचं नाव नक्की सुटलं असतं. जाळ्यात सुटत नाही.

मैनानं समोरच्या दुकानातून फुलस्केप कागद आणि अंगठ्याची शाई आणली आणि एका टोकापासून लिहायला सुरुवात केली. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, सही नाहीतर अंगठा. बायका नवऱ्याचं नाव घेईनात, ते शेजारच्या जागेवरच्यानं सांगायचं. घाम कागदावर पडून शाई पसरायची, की पान फाडायचं आणि पुन्हा लिहायचं. लोकांनी आळीपाळीनं सावली शोधावी म्हणून ती दोनदा ओरडली, पण जागा सोडली तर नाव हुकेल म्हणून कुणी हललं नाही. चौतिसाव्या जागेवर तिचा स्वतःचा बाप होता. तिनं "दसरू" असं लिहिलं, वर पाहिलं, तर तो गुडघ्यांवर येत होता. भोवळ आली होती त्याला. दोघांनी धरून त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. चौकीदार शेडमधल्या जीपला टेकून पाहत होता. सुगंधाबाई तीन तास आपल्या टोकावरून हलली नाही. पायात चप्पल नव्हती तिच्या, मेटॅडोरच्या गर्दीत हरवली होती.

पावणेपाचला त्रेसष्ट माणसं व्हरांड्यात शिरली आणि गप उभी राहिली. कुणी घोषणा दिली नाही, की कुणी कशाला हात लावला नाही. सुगंधाबाईनं अर्ज आणि यादी टेबलावर ठेवली.

"यादी कॉम्प्युटरवर पाहिजे होती," साहेब म्हणाले.

"यादी हे हाय. यादीतले मानसं हे हायेत. मोजून घ्या."

साहेबांनी त्या गर्दीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि शिक्का मारला. पण माणूस मोठा नमुनेदार. शिक्क्याखाली लाल शाईनं शेरा लिहिला, 'संस्थेच्या प्रतिनिधीने कार्यालयाच्या संगणकात व्हायरस आणला. खुलासा होईपर्यंत प्रकरण प्रलंबित.' म्हणजे अर्ज घेतला आणि फासही टाकून ठेवला. खुलासा काय करणार? मैनाच्या शब्दाला किंमत नव्हती, प्रणितच्या तोंडाला कुलूप होतं, आणि कॉम्प्युटर तर खोटं बोलत नाही.

जुलैअखेर तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासोळी सोडली नाही तर वर्ष वाया. ठेका हातात नसताना सोडणार कशी? हा घोर घेऊन मैना दुसऱ्याच दिवशी सायबर कॅफेत बसली. अँटीव्हायरसची कंपनी परदेशातली. तिनं मोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं की माझा प्रोग्राम चोर नाही, तपासा. दोन मिनिटांत उत्तर आलं. मैना हरखली. उघडलं तर आपोआप येणारं पत्र, तुमचा मजकूर मिळाला, तुम्ही आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. महत्त्वाचे! तिनं दुसरं पत्र लिहिलं. तेच उत्तर. तिसरं लिहिलं. तेच. माणूस नावाची चीज त्या कंपनीत आहे की नाही, असं तिनं कॅफेवाल्याला इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजारचं गिऱ्हाईक उठून गेलं.

इकडं गावोगाव गोष्ट पसरली. दोन मुख्याध्यापकांनी गरी भरून नेलेल्या सीडी परत पाठवल्या. क्लासातली चार पोरं आलीच नाहीत. बसस्टँडवर कुणीतरी 'व्हायरसवाली मॅडम' म्हणालं आणि मैना वळून त्याच्या अंगावर गेली, पण किती जणांच्या अंगावर जाणार? सगळ्यात वाईट ते बेलतळीचं. तिथं कुणी तिला तोंडावर बोललं नाही. पाळीवरून जाताना लोक विचारायचे, "आली का बाई चिठ्ठी?" आणि ती 'नाही' म्हणायची. दसरूनं विचारणंच सोडून दिलं होतं.

आठव्या पत्रासोबत तिनं गरीचा लिहिलेला अख्खा प्रोग्राम पाठवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. 'हे घ्या, पोट फाडून दाखवते,' असं तिनं लिहिलं, 'आत चोरलेलं काही सापडलं तर मला सांगा. नाही सापडलं तर तसंही सांगा.'

सतरा जुलैला उत्तर आलं. खाली माणसाचं नाव होतं. फाइल तपासली, ती निर्दोष आहे, आमच्याकडून चुकीनं धोकादायक ठरवली गेली, ताज्या अपडेटमध्ये दुरुस्ती केली आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद. चार ओळी. मैनानं त्या तीनदा वाचल्या आणि टेबलावर मूठ आपटली. "सहकार्य कोन केलं रे तुले? पन्नास दिवस जीव खाल्ला माझा!" मग तिनं दोन प्रिंट काढले, आणि डोळे पुसले ते कुणाला दिसू नये म्हणून पाठ फिरवून.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात हजर. साहेबांनी पत्र वाचलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "चला, बरं झालं. शेरा खोडून टाकू. आदेश आजच काढतो."

"खोडाचा नाई," मैना म्हणाली. "शेरा लिवून घातला, खुलासाबी लिवून द्या. गरीत व्हायरस नव्हता, संस्थेनं आणला नव्हता. ऑफिसच्या लेटरहेडवर, मराठीत. थो घेतल्याबिगर मी हालत नाई."

साहेबांना ती हलणार नाही हे मे महिन्यातच कळलं होतं. त्यांनी प्रणितला सांगितलं. प्रणित चाचरला. "सर, मराठी... ते बंद आहे. त्या दिवसापासून सगळं हातानंच लिहितो आपण."

मैनानं गळ्यातून दोरा काढला आणि पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "लाव."

प्रणितनं भीत भीत लावला. साहेब पडद्याकडं पाहत राहिले. कॉम्प्युटर गप्प. ना लाल चौकोन, ना किंकाळी. गरी उघडली. मैना प्रणितच्या पाठीमागं उभी राहिली, जशी क्लासात उभी राहायची, आणि तिनं एक एक वाक्य सांगितलं. त्यानं एक एक वाक्य टाइप केलं. साहेब आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, माफ करजा. नोकरी कंत्राटी हाय माही."

"नोकरी कंत्राटी हाय. तोंडबी कंत्राटी हाय का?" मैना म्हणाली. "लिव. 'मारबते' नीट लिव."

प्रिंट निघाला, सही झाली, ठेक्याच्या आदेशावर शिक्का पडला. मैनानं पेनड्राइव्ह काढून पुन्हा गळ्यात घातला. प्रणित रिकाम्या कॉम्प्युटरकडं पाहत राहिला. त्यात गरीचं काही उरलं नव्हतं, आणि तिनं उरू दिलंही नसतं.

संध्याकाळच्या बसनं ती बेलतळीला उतरली, तेव्हा सगळं गाव पाळीवर जमलेलं. ठेक्याचा आदेश पाहून बायकांनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकले. दसरू नुसता हसत होता. मुखरू म्हणाला, "मैनाबाई, मी बोललो त्या दिवशी, मनात नको ठेवू." मैनानं दुसरा कागद काढला. हा तिच्या जास्त जिवाचा होता.

"वाच," सुगंधाबाई म्हणाली.

मैनानं खड्या आवाजात वाचलं. मैना मारबते यांच्या प्रोग्राममध्ये व्हायरस नव्हता, संस्थेच्या प्रतिनिधीनं कोणताही व्हायरस आणला नाही, शेरा रद्द समजावा.

"अखीन?"

"बस. एवढंच हाय."

सुगंधाबाईनं कागद आपल्या हातात घेतला. "आमाले चार घंटे उनात ठेवलं, थे कुठी लिवलं?"

मैनानं कागदाकडं पाहिलं. जणू तिथं असेल आणि आपल्यालाच दिसलं नसेल.

"नाई लिवलं, बाई."

"दसरूभाऊ पडला, थे? गाड्या सावलीत होत्या, थे?"

"नाई."

"मशीन चुकली, तं मशीनवाल्यानं लिवून देल्लं," म्हातारी म्हणाली. "साहेब चुकला, थे कोन लिवून देईन?"

पन्नास दिवस मैना जळत होती, पत्रांवर पत्रं लिहीत होती, आणि त्या ऑफिसात उभं राहून, शब्द तिच्या हातात असताना, तिनं गरीचं नाव धुऊन घेतलं आणि माणसांचं सांगायचंच विसरली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचा राग आला. सुगंधाबाईनं कागदाची नीट घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली.

"झिंगूले सांग, उद्या मेटॅडोर काढ म्हना. घरटी एक मानूस. श्रावणलेबी घ्या, आता बरा हाय थो." मग ती पाळीवरून उतरायला लागली, आणि चार पावलं जाऊन मागं वळली. "आन् चौकीदाराले आदीच सांगजो, गाड्या बाहेर काढून ठेव म्हना. उद्या शेडात आमी बसू."